पाव फेरा मागे

आमचे सर कुठल्याच दारातून सरळ आत गेले नाहीत. आधी दार ढकलायचे, हात सोडायचे, आणि ते परत कसं येतंय ते बघत उभे राहायचे. मागं माणसं खोळंबली तरी त्यांना पत्ता नसे. नांदेडात स्टेशनच्या बाजूला एक हॉटेल होतं, त्याला कमरेएवढ्या दोन झुलत्या फळ्यांचं दार. सर आम्हाला तिथं चहाला न्यायचे ते खरं तर त्या फळ्यांसाठी. एक फळी सैल होती, ती धडधड चार-पाच हेलकावे खाऊन थांबायची. दुसरीची बिजागरी गंजलेली, ती निम्म्यात येऊन रेंगाळायची. "बघा," सर बशीत चहा ओतत म्हणायचे, "ही लई उतावळी, ती लई आळशी. आपल्याला पाहिजे तिसरी. येईल, एकदाच जराशी पुढं जाईल, अन् बसंल गप." तिसरी फळी त्या हॉटेलात कधीच नव्हती. पण सर त्या दाराकडं असं बघत राहायचे की थोड्या वेळानं मलाही ती दिसायला लागायची.

मी किनवटकडची, वसतिगृहात वाढलेली. नांदेडच्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं ते यादीत माझं नाव त्या रांगेत लागलं म्हणून, उगाच मोठं कारण कशाला सांगू. सर आम्हाला फिल्टर शिकवायचे. फिल्टर म्हणजे आवाजाची चाळणी. हवे ते सूर पुढं जाऊ द्यायचे, नको ते अडवायचे. वेळापत्रकात त्यांच्या नावापुढं इतरही विषय होते, पण ते नुसते कागदावर. ट्रान्सफॉर्मरनं सुरुवात केली तरी अर्ध्या तासात गाडी 'सेकंड ऑर्डर फिल्टर'वर यायचीच. मेंदी लावलेली आखूड दाढी, फिका आकाशी शर्ट, आणि खिशाला पेनाच्या जागी बारका पेचकस. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात कुणी श्री लिहितं, कुणी ७८६ लिहितं, सर ०.७०७ लिहायचे. फिल्टर ना उतावळा ना आळशी, अगदी बेतात बसला की हा आकडा येतो. पहिले सहा महिने मला तो त्यांच्या फोन नंबरचा तुकडा वाटायचा.

"एकटा कपॅसिटर गरीब असतो," ते सांगायचे. "आवाज हळूहळू उतरवतो, कुणाशी भांडण न्हाई. दोन आले की उतार तेज होतो. पण मग ते एकमेकाला ढकलायला बी लागतात. मधी कुणीतरी आवरणारं पाहिजे." त्या आवरणाऱ्याचं प्रमाण किती, एवढंच त्यांच्या आयुष्याचं काम होतं. पुस्तकात आधी गणित आणि मग सामान. सरांचं उलटं. आधी दुकानात जायचं, बरणीत कुठले कपॅसिटर शिल्लक आहेत ते बघायचं, त्यातले दोन सारखे उचलायचे. "कपॅसिटर दुकानदाराच्या मर्जीचा, रेझिस्टन्स आपल्या मर्जीचा." मग बाकीचं गणित त्या दोघांभोवती बसवायचं आणि शेवटचा सगळा भार एका प्रीसेटवर टाकायचा. प्रीसेट म्हणजे डाळीच्या दाण्याएवढी फिरकी, पेचकसानं फिरवायची. उजवीकडं फिरवली की फिल्टर उतावळा, डावीकडं फिरवली की आळशी.

दुपारच्या प्रॅक्टिकलला प्रयोगशाळेत सगळं सुस्त असायचं. पंखा जड आवाज करत फिरायचा, सोल्डरचा वास, खिडकीतून कडुलिंबाची सावली टेबलावर सरकत यायची. सर लोक रेडिओला कान लावतात तसा सर्किटला जोडलेला स्पीकर कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि प्रीसेट फिरवत राहायचे. कधी पाच मिनिटं, कधी तास. त्यांच्या वडिलांचं जुन्या नांदेडात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं ते असंच कानावर काम शिकले. आणि तिथलाच एक नियम त्यांनी पॉलिटेक्निकमध्ये आणलेला: जो लावतो त्यानं बघायचं न्हाई. म्हणजे लावणाऱ्यानं सीआरओच्या, म्हणजे आवाजाची लाट रेघेत दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्याकडं पाठ करून बसायचं, आणि दुसऱ्यानं पडद्यावरची रेघ बघून सांगायचं. "डोळा कानाला फसवतो," सर म्हणायचे. "पडदा दिसला की माणूस ऐकायचं सोडून देतो."

पडद्यावर चौकोनी लाट सोडलेली असायची. तिच्या कोपऱ्याला रेघ थरथरली, एकामागं एक वळसे घेत राहिली, तर फिल्टर उतावळा. एखादाच बारीक वळसा घेऊन सपाट झाली तर बेतात.

"किती वळसे?" सर पाठमोरे विचारायचे.

मी पहिल्यांदा पडद्यासमोर बसले तेव्हा सहा वळसे होते. आणि स्पीकरमधून लाटेच्या प्रत्येक ठोक्यामागं एक बारीक शिट्टी येत होती, दातांत कळ जाईल अशी. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या शेजारच्या सीनियर ताईनं माझ्या पायावर पाय दिला आणि स्वतःच म्हणाली, "एकच, सर. लहानसा."

सरांनी डोळे उघडले. त्या वेळी त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. फार लांबून कुणी आपलं माणूस येताना दिसावं तसा. "बसला," ते हळूच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

ते गेल्याबरोबर ताईनं केसातली पिन काढली आणि प्रीसेट डावीकडं पाव फेरा फिरवला. शिट्टी गेली. पडद्यावर खरंच एकच वळसा उरला. "ध्यानात ठेव," ती म्हणाली. "सरांनी लावला की पाव फेरा मागं घ्यायचा. आम्हाला आमच्या सीनियरनी सांगितलं. सरांना वरचे सूर ऐकू येत न्हाईत."

"मग सांगत का नाही कुणी?"

"तू सांग की."

मी सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला, लपवून काय करू. पुढच्या प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं, किती वळसे, आणि मी म्हटलं, "पाच, सर." सरांनी पुन्हा कान लावला. पुन्हा फिरवला, पुन्हा विचारलं. सहा, सर. तास संपला, मुलं गेली, सर तसेच पाठमोरे बसलेले. डबा उघडला नाही. नमाजाची वेळ झाली तरी उठले नाहीत, आणि हे कधी होत नसे. "कुठं चुकून राहिलो मी," असं स्वतःशीच तीन-चारदा म्हणाले. मला ते बघवेना. मी म्हटलं, "सर, आता एकच. बारीकसा." ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मी पिनेनं पाव फेरा मागं घेतला. पुढच्या वर्षी नव्या मुलींना मीच शिकवलं, पाय देऊन.

आता कुणी म्हणेल, ही माया कसली, ही तर फसवणूक. असेलही. आम्ही सतरा-अठरा वर्षांच्या होतो आणि तो माणूस आम्हाला फार आवडायचा, एवढंच.

आवडण्यासारखं होतंच तसं. गोदावरीच्या घाटावर होडी लागली की सर तिच्यात चढायचे ते पलीकडं जायला नव्हे, उतरायला. उतरलं की होडी डुलते, ती किती वेळा डुलते ते मोजायचं. नावाडी म्हणायचा, "मास्तर, एकदाचं बसा तरी, न्हाईतर घरी जा." कंधारच्या एसटीत वरच्या दांड्याला दोऱ्यानं कुलूप बांधून सगळ्या वाटेनं त्याचे झोके बघायचे. शेजारची बाई घाबरून जागा बदलायची, सरांना वाटायचं तिनं बसायला जागा दिली, मग तिचे आभार मानायचे.

शेवटच्या वर्षी डिजिटल फिल्टर आले. त्यात ना कपॅसिटर, ना प्रीसेट. नुसते पाच आकडे. आत्ता आलेला आवाज, त्याच्या आधीचे दोन, आणि आपणच नुकतेच बाहेर सोडलेले दोन, यांना त्या पाच आकड्यांनी गुणून मिळवायचं, की झाला फिल्टर. बाकीचे मास्तर वैतागले. सर मात्र दोन दिवस हरवल्यासारखे हिंडले आणि तिसऱ्या दिवशी वर्गात आले ते तळहातावर बॉलपेननं पाच आकडे लिहून. "ह्याला फक्त दोन पावलं मागचं ध्यानात राहतं," ते म्हणाले. "तिसरं न्हाई. बाकी सगळं विसरून जातो. तरी बी अख्खं गाणं नीट पार करतो." मग खिडकीबाहेर बघत राहिले. घंटा झाली तरी आम्ही उठलो नाही.

त्यांच्या घरी मी एकदाच जेवायला गेले, एका रविवारी. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, आपा. आई लवकर गेली, आपांनीच सरांना वाढवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. लहानपणी ताप आला त्यात आपांचे कान अधू झालेले. सरांनी त्यांच्यासाठी पत्त्यांच्या डबीएवढं एक यंत्र केलं होतं. गळ्यात अडकवायचं, आणि तारेच्या टोकाचं बोंडुक कानात घालायचं. आत सरांचा तोच सेकंड ऑर्डर फिल्टर. दर रविवारी सकाळी सर तो नव्यानं लावायचे.

मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि मला शिट्टी ऐकू आली. आपांच्या कानातून, चार हात लांब.

"कसं येतंय, आपा?" सरांनी विचारलं.

"एकदम साफ," आपा हसून म्हणाल्या.

जेवण झालं, सर नमाजाला गेले. आपांनी लगेच बोंडुक काढलं आणि साखरेच्या डब्यात ठेवलं. मी बघतेय हे कळल्यावर ओशाळल्या. "क्या करू बेटी," त्या म्हणाल्या, "डोक्यात कुकर लावल्यागत होतंय. पण त्यानं रात रात बसून केलंय गं. त्याला कसं सांगू?"

मी यंत्राचं झाकण उघडलं, केसातली पिन काढली आणि पाव फेरा मागं घेतला. आपांनी बोंडुक कानात घातलं. बाहेर अंगणात कुणीतरी हातपंप मारत होतं. आपा कान देऊन ऐकत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "पाण्याचा आवाज हाय ना हा?" मी त्यांना पाव फेरा शिकवला. पुढं कितीतरी वर्षं रविवारी सर लावायचे आणि ते बाहेर पडले की आपा मागं घ्यायच्या.

डिप्लोमा झाला, मग मी कानाच्या यंत्रांचा कोर्स केला आणि लातूरला एका केंद्रात लागले. आजकालच्या यंत्रात सरांचेच पाच आकडे, पण असे फिल्टर डझनानं, एकापुढं एक लावलेले. पेशंटचे कान तपासायचे आणि त्याप्रमाणं आकडे भरायचे, हे माझं काम. सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही सगळ्या बॅचनी मिळून त्यांना तळहाताएवढा खिशातला सीआरओ भेट दिला. त्यांनी तो पिशवीत ठेवला आणि आमच्यासमोर तरी कधी चालू केला नाही. लावणाऱ्यानं बघायचं न्हाई.

गेल्या वर्षी एका दुपारी सर लातूरला आले. केंद्राचं काचेचं दार ढकलून उभे राहिले, ते परत येऊन गप बसेपर्यंत. मागं आपा, एका हातानं भिंत धरून. दाढी आता पांढरी. मला बघून सर हसले नाहीत.

"बेटा, आपाचं ध्यान चाललंय," ते म्हणाले. फार मोठ्यानं बोलत होते. "काय बी विचार, नुसती हसती अन् मान हलवती. सहा महिने झाले. रोज सकाळी विचारतो, आपा, मी कोण? हसती. नांदेडचे डॉक्टर म्हणले, वय झालं, विसरणारच. मशीन मी दर रविवारी लावतो, मशीनचा काही दोष न्हाई. तू एकदा बघ. मला वळखते का न्हाई तेवढं सांग, बस."

त्यांचा आवाज 'वळखते'वर फुटला.

मी आपांकडं बघितलं. यंत्र गळ्यात होतं, बोंडुक कानात नव्हतं, पदराखाली लपवलेलं. आणि त्यांचे हात कापत होते, सारखे, दोन्ही. त्या हातांनी आता डाळीच्या दाण्याएवढी फिरकी फिरणार नव्हती. मला एका क्षणात सगळं कळलं. आपा काही विसरल्या नव्हत्या. त्यांना ऐकूच येत नव्हतं, आणि ते का, हे मला माहीत होतं.

आता पाय द्यायला शेजारी कुणी नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "आधी तुम्ही बसा."

"मी? मला काय झालंय?"

"बसा तर खरं."

त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. ऐकू आलं की दाबायचं. खालचे सूर त्यांनी झटझट दाबले. मग मी वर वर जात राहिले आणि बटण थांबलं. काचेपलीकडं सर डोळे मिटून बसलेले, तीच जुनी दुपारची तंद्री चेहऱ्यावर, काहीतरी ऐकू येईल म्हणून वाट बघत. मी आवाज वाढवत होते आणि ते वाट बघत होते. मला रडू आलं, मी ते आवरलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांना पडदा दाखवला. जन्मभर असेच आलेख काढलेला माणूस. चष्मा वर करून बघितला.

"इथपर्यंत सपाट," बोट फिरवत ते म्हणाले. "मग अडीच हजार हर्ट्झपासून उतार. बराच तेज हाय. कुणी लावलाय हा फिल्टर?"

"हे तुमचे कान आहेत, सर."

बोट तिथंच राहिलं. मग मी सगळं सांगितलं. सहा वळसे, ताईचा पाय, केसातली पिन, आपांचा साखरेचा डबा. मोठ्यानं सांगावं लागलं. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनीही ऐकलं असणार.

"म्हंजे एकेका बॅचला मी खोटं बोलायचं शिकवलं," सर म्हणाले.

मी खाली बघितलं.

"कितीचा फेरा म्हणालीस?"

"पाव, सर."

"दर वेळी पावच?"

"दर वेळी. माझ्या आधीच्यांचाही पावच."

त्यांनी मान हलवली. "चुकलो ते बी एकसारखं," म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी हसण्यासारखं येऊन गेलं. मग ते आपांकडं वळले आणि खुणेनं विचारलं, का नाही सांगितलंस. आपांना प्रश्न ऐकू आला नव्हता, पण बहिणीला कळायचं ते कळलं. "तू किती खुश व्हायचास रे," त्या म्हणाल्या. "हात चालत होते तवर चाललं."

सरांनी पिशवीतून तो खिशातला सीआरओ काढला. डबीवरचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता. आपांच्या यंत्राचं झाकण उघडलं, तारा लावल्या, चौकोनी लाट सोडली. खिशातला पेचकस काढून माझ्या हातात दिला आणि माझी खुर्ची पाठमोरी फिरवली. बोंडुक आपांच्या कानात घातलं.

"लाव," म्हणाले. "मी बघतो."

मी आपांच्या चेहऱ्याकडं बघत पेचकस फिरवायला लागले. त्यांच्या भुवया आखडल्या होत्या, शिट्टी सोसणाऱ्या माणसाच्या असतात तशा. मी डावीकडं वळवलं. हळूहळू भुवया सुटल्या. माझ्या मागं सर मोजत होते, पाच, चार, तीन. आयुष्यात पहिल्यांदा ते लावणाऱ्याच्या नव्हे, बघणाऱ्याच्या जागी होते.

"एक," ते म्हणाले. "बारीकसा. थांब."

आपा पंख्याकडं बघायला लागल्या, मग दाराकडं, मग माझ्या बांगड्यांकडं. सरांनी पडद्यावरून मान वर केली नाही. फार हळू, कुणाला विचारल्यासारखं नाहीच, ते म्हणाले, "आपा, मी कोण?"

आपांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. त्याही हळूच बोलल्या. मला ऐकू आलं, सरांना आलं नाही.

"काय म्हणली?" त्यांनी मला विचारलं. "नुसती हसली का?"

"नाही सर," मी मोठ्यानं म्हटलं, आणि या वेळी जसंच्या तसं सांगितलं. "त्या म्हणाल्या, माझा येडा भाऊ हायेस. दुसरं कोण असणार?"